नवीन फ्लॅट विकण्याच्या कामात करिअर कसं होतं, पैसे कुठून येतात आणि पोरं कुठं अडकतात ?

रविवारची सकाळ. पुनावळे, रावेत, वाघोली, घोडबंदर रोड, पनवेल, कुठल्याही नव्या साईटवर जा, चित्र सारखंच दिसतं. गाडीतून एक कुटुंब उतरतं. आजोबा विचारतात, "पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं ?" आई थेट सॅम्पल फ्लॅटच्या किचनमध्ये जाते आणि ओट्यावर हात ठेवून फ्रिज कुठं बसेल ते बघते. वडील रेटवर येतात. मुलगा मोबाईलवर महारेराची वेबसाईट उघडतो.

आणि या सगळ्यांना एकाच वेळी उत्तरं देत असतो, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात टॅब धरलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा एक पोरगा किंवा पोरगी.

आजचा विषय त्याच पोराचा आहे. ग्रॅज्युएशन झालंय, स्पर्धा परीक्षेचे दोन अटेम्प्ट झालेत, किंवा कॉल सेंटरला कंटाळा आलाय, अशी भरपूर पोरं आज रिअल इस्टेट सेल्सकडे वळतायत. इन्स्टाग्रामवर "एका डीलमध्ये लाख रुपये" असे रील फिरतात, त्यामुळे ओढा आणखी वाढलाय. हे काम नेमकं असतं काय, त्यात पैसे कसे मिळतात, लायसन्स लागतं का आणि दहा वर्षं टिकायचं असेल तर काय करावं लागतं, हे सगळं जरा नीट बघू.

मुळात नवीन घर विकतं कोण ?

बाहेरून बघणाऱ्याला सगळेच "ब्रोकर" वाटतात. आत गेलं की कामं वेगवेगळी दिसतात.

पहिली बाजू बिल्डरची. त्याच्याकडे पगारावर सेल्स टीम असते. सगळ्यात खालची पायरी म्हणजे प्री-सेल्स. जाहिरात बघून ज्यांनी नंबर टाकला त्यांना फोन करायचा, बजेट विचारायचं आणि साईटवर यायला तयार करायचं. पुढची पायरी साईटवरची, तिला क्लोजिंग म्हणतात. आलेल्या माणसाला फ्लॅट दाखवणं, हिशोब समजावणं आणि बुकिंग घेणं हे क्लोजिंगवाल्याचं काम. तिसरं काम सोर्सिंगचं. सोर्सिंगवाला ग्राहकांच्या मागे फिरत नाही, तो ब्रोकरांच्या ऑफिसात फिरतो आणि "तुमचे ग्राहक आमच्या साईटवर आणा" म्हणून संबंध जोडतो.

दुसरी बाजू चॅनल पार्टनरची, म्हणजेच सीपी. आपला जुना इस्टेट एजंटच, फक्त भाड्याच्या आणि रिसेलच्या घरांसोबत तो बिल्डरचे नवीन फ्लॅटही विकतो. त्याच्याकडे एकाच वेळी दहा-पंधरा प्रोजेक्ट असू शकतात.

तिसरी बाजू मँडेट कंपन्यांची. काही बिल्डर स्वतःची टीम ठेवत नाहीत, अख्ख्या प्रोजेक्टची विक्री एका कंपनीला देऊन टाकतात. अशा ठिकाणी कमी काळात जास्त शिकायला मिळतं, पण प्रेशरही तेवढंच.

यात आणखी एक टीम असते जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, ती म्हणजे बुकिंगनंतरचं सीआरएम. अ‍ॅग्रीमेंट, लोनची कागदपत्रं, डिमांड लेटर आणि पझेशनपर्यंतच्या तक्रारी हे लोक सांभाळतात. ज्याला बोलबच्चन जमत नाही पण कागद नीट वाचता येतो, त्याच्यासाठी ही जागा चांगली.

पैसे नेमके कसे मिळतात ?

पगारावर असाल तर फिक्स पगार आणि वर इन्सेंटिव्ह. सुरुवातीचा फिक्स पगार साधाच असतो, खरी कमाई इन्सेंटिव्हमध्ये. तेही स्लॅबवर चालतं. महिन्याला एक बुकिंग झालं तर एक रेट, तीन झाले तर वेगळा, आणि टार्गेटच्या खाली राहिलात तर काही ठिकाणी शून्य.

चॅनल पार्टनरचं गणित ब्रोकरेजवर. नवीन फ्लॅटमध्ये ब्रोकरेज सहसा बिल्डर देतो, ग्राहक नाही. ते फ्लॅटच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आसपास धरतात, प्रोजेक्टप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणजे ७० लाखांच्या फ्लॅटवर साधारण १ लाख ४० हजार. रीलमध्ये दिसतो तो "एका डीलमध्ये लाख" हाच.

पण रीलमध्ये तीन गोष्टी सांगत नाहीत.

एक, ही रक्कम फर्मची असते. तुम्ही फर्ममध्ये नोकरीला असाल तर त्यातला ठरलेला हिस्साच तुमचा. वर टीडीएस कापला जातो.

दोन, बुकिंग झालं म्हणून पैसे येत नाहीत. ग्राहकाने ठरलेला हप्ता भरला, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं की बिल निघतं, आणि बिल निघाल्यावरही पैसे हातात यायला महिने जाऊ शकतात. मध्येच ग्राहकाचं लोन नाकारलं गेलं किंवा त्याने बुकिंग रद्द केलं, तर सगळी मेहनत वाया. महारेराच्या अलॉटमेंट लेटरच्या नमुन्यात पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही, त्यानंतर टप्प्याटप्प्याने जास्तीत जास्त २ टक्के, अशी तरतूद आहे. त्यामुळे रद्द होणारी बुकिंग हा या धंद्याचा रोजचा भाग आहे.

तीन, ग्राहकालाही आता ब्रोकरेजचं गणित माहीत झालंय. "तुम्हाला मिळतात त्यातले अर्धे आम्हाला द्या, नाहीतर दुसऱ्याकडून घेतो" हे वाक्य ऐकावं लागणारच. याला मार्केटमध्ये पासबॅक म्हणतात. एकदा ती सवय लावली की पुढचा प्रत्येक ग्राहक तुमच्याकडे तुमच्या माहितीसाठी येत नाही, सवलतीसाठी येतो.

वर सीझन आहेच. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या दिवसांत बुकिंगची झुंबड, आणि पितृपक्षात साईटवर माशा मारायची वेळ. शनिवार-रविवार सुट्टी हा शब्द विसरायचा, कारण ग्राहकाची सुट्टी हाच तुमचा कामाचा दिवस. म्हणून जुनेजाणते एकच सल्ला देतात, घरभाडं आणि जेवणाचा किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि मगच यात उडी मारा.

लायसन्स लागतं का ?

एजंट म्हणून काम करायचं असेल तर लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीसाठी १९६३ पासून मोफा कायदा होता. तरीही बाजारात बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप असे शब्द चालायचे, पझेशनची तारीख तोंडी असायची आणि एजंट कुणीही होऊ शकायचं. २०१६ मध्ये केंद्राचा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला, आणि महाराष्ट्रात महारेरा काम करायला लागलं.

या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी केलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीची फी १० हजार रुपये आणि मुदत ५ वर्षं. नोंदणी न करता काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

२०२३ मध्ये महारेराने यात आणखी एक अट टाकली. एजंटला २० तासांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावं लागतं, मगच नोंदणी किंवा नूतनीकरण. जुन्या एजंटांनाही मुदत दिली होती. ती पाळली नाही म्हणून २०२४ मध्ये २० हजारांहून जास्त एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली. म्हणजे वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्यांनाही परीक्षेला बसावं लागलं.

नव्या पोरांसाठी ही खरं तर चांगली बातमी आहे. बाप इस्टेट एजंट नाही, ओळखी नाहीत, तरी सर्टिफिकेट काढून रांगेत उभं राहता येतं. बिल्डरकडे पगारावर जाणार असाल तरी हे सर्टिफिकेट काढून ठेवा. मुलाखतीत उपयोगी पडतं आणि कायदाही समजतो.

ग्राहक चार गोष्टी विचारणारच, त्या पाठ हव्यात

पहिली, क्षेत्रफळ. रेरामध्ये कार्पेट एरियाची व्याख्या ठरलेली आहे. बाहेरच्या भिंती, तुमची बाल्कनी आणि ओपन टेरेस त्यात येत नाही, घरातल्या आतल्या भिंती येतात. साईटवर मात्र बाल्कनी धरून एकच मोठा आकडा सांगायची पद्धत आहे. दोन्ही आकडे वेगळे करून सांगितले तर पुढे भांडण होत नाही.

दुसरी, एकूण खर्च. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा पुण्यात बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा फ्लॅट आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ५० हजार. स्टॅम्प ड्युटी पुण्यात अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. झाले ७८ लाख ७० हजार, आणि यात मेंटेनन्स डिपॉझिट, वकील, फर्निचर काहीच नाही. हाच फ्लॅट फक्त महिलेच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत, म्हणजे ७० हजार वाचले. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या परवडणाऱ्या घरांना जीएसटी १ टक्काच आहे. ओसी मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी लागतच नाही. हा फरक तुम्ही पहिल्या भेटीत कागदावर लिहून दाखवला, तर ग्राहक बाकीच्या पाच साईट फिरून तुमच्याकडे परत येण्याची शक्यता वाढते.

तिसरी, लोन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, नोंदणी धरत नाहीत. वरच्या उदाहरणात ७० लाखांवर ५६ लाख लोन. बाकीचे १४ लाख आणि टॅक्सचे ८ लाख ७० हजार, असे जवळपास २२ लाख ७० हजार रुपये ग्राहकाने स्वतः उभे करायचे. ५६ लाखांचा ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता येतो साधारण ४८,६०० रुपये, आणि सगळं फिटेपर्यंत नुसतं व्याजच ६० लाखांच्या वर जातं. "दहा टक्के भरा आणि घर तुमचं" असं सांगून बुकिंग घेता येतं, पण दोन महिन्यांनी तोच माणूस पैसे जमत नाहीत म्हणून रद्द करायला येतो.

चौथी, पझेशनची तारीख. ही तारीख तुमच्या मनातली सांगायची नसते. महारेराच्या वेबसाईटवर प्रत्येक प्रोजेक्टच्या पानावर पूर्णत्वाची तारीख असते, मंजूर प्लॅन असतात, कोर्टकचेरी चालू असेल तर तीही दिसते. साईटवर "पुढच्या दिवाळीत चावी" म्हणायचं आणि नोंदणीत तारीख त्यानंतर दोन वर्षांची, असं बऱ्याचदा असतं.

यात नुकसान कुणाचं होतं ते बघा. ग्राहक दिवाळीच्या हिशोबाने भाड्याच्या घराचा करार संपवतो, पोराचं नाव नव्या एरियातल्या शाळेत टाकतो. मग भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू. उशीर झाला तर पैसे व्याजासकट परत मागायचा किंवा थांबून दरमहा व्याज घ्यायचा हक्क कलम १८ देतं, पण तो मोजला जातो अ‍ॅग्रीमेंटमधल्या तारखेपासून. तुम्ही तोंडी सांगितलेल्या दिवाळीला तिथं किंमत नाही. म्हणजे तुमच्या एका वाक्याची किंमत ते कुटुंब दोन वर्षं भरतं.

पोरं कुठं अडकतात ?

सगळ्यात मोठा सापळा प्री-लाँचचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, "नवीन टॉवर येतोय, रेट वाढायच्या आधी चेक घ्या." कायदा सरळ आहे. महारेरा नोंदणीच्या आधी जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. अशा प्रोजेक्टमध्ये मदत करणारा एजंटही अडकतो. बिल्डरकडे वकील असतात, तुमच्याकडे नसतो.

दुसरा सापळा रीलचा. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रोजेक्टच्या जाहिरातीवर महारेरा नंबरसोबत क्यूआर कोड टाकणं बंधनकारक आहे, नाही टाकला तर ५० हजारांपर्यंत दंड. सोशल मीडियावरच्या जाहिरातीही यात येतात. ड्रोन शॉट, गाणं आणि "डीएम करा" एवढंच टाकून चालत नाही.

तिसरा, जास्तीचे पैसे. रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट करायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. उघड्यावरचं पार्किंग विकता येत नाही. "थोडी कॅश द्या, बाकी चेकने" या बोलण्यात मध्यस्थ बनू नका, कारण उद्या भांडण झालं तर कॅशची पावती नसते आणि ग्राहकाला फक्त तुमचा चेहरा आठवतो.

चौथा, सीपी लोकांचं आपसातलं भांडण. एकच ग्राहक तीन एजंटांशी बोलतो आणि साईटवर कुणाच्या नावाने आला यावर ब्रोकरेज ठरतं. याला टॅगिंग म्हणतात. ग्राहक नेण्याआधी बिल्डरकडे त्याचं नाव लेखी नोंदवून घ्या आणि ते किती दिवस चालतं हे विचारून ठेवा. तोंडी ओळखीवर गेलात तर महिनाभर फिरवलेला ग्राहक दुसऱ्याच्या खात्यात जातो.

मग सुरुवात कशी करायची ?

पहिलं वर्ष शिकण्याचं धरा. शक्य असेल तर आधी प्री-सेल्स किंवा साईट, फिक्स पगाराची जागा घ्या. दिवसाला शंभर फोन आणि त्यातले नव्वद नकार पचवता आले तर पुढचं जमतं. ज्या कंपनीत जाताय तिच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये एक चक्कर मारा आणि तिथल्या वॉचमनशी, सोसायटीतल्या दोन माणसांशी बोला. पझेशन वेळेवर मिळालं का, लिफ्ट चालते का, पाणी येतं का. ज्या बिल्डरचे जुने ग्राहक शिव्या घालतात, त्याचे नवीन फ्लॅट विकताना तुमचंच नाव खराब होतं.

मुलाखतीतही प्रश्न विचारा. इन्सेंटिव्ह कधी मिळतो, बुकिंगवर की अ‍ॅग्रीमेंटवर ? नोकरी सोडली तर राहिलेला इन्सेंटिव्ह मिळतो का ? उत्तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. या धंद्यातली निम्मी भांडणं याच दोन प्रश्नांची आहेत.

एरिया एकच धरा. हिंजवडीतल्या आयटीवाल्याला ऑफिसला जायला किती वेळ लागतो, वाघोलीत संध्याकाळी ट्रॅफिक कुठं तुंबतो, ठाण्यात कोणत्या स्टेशनला रिक्षा मिळते, हे माहीत असणारा माणूस ब्रोशर पाठ केलेल्यापेक्षा भारी ठरतो. मुंबईत काम करणार असाल तर रिडेव्हलपमेंट समजून घ्या, कारण तिथं नवीन इमारती बऱ्याचदा जुन्या सोसायटीच्या जागेवरच उभ्या राहतात.

पुढची पायरी साईट हेड, मग दोन-चार साईट सांभाळणारा क्लस्टर हेड, मग सेल्स हेड. किंवा चार-पाच वर्षांनी स्वतःची सीपी फर्म. डिग्री कोणती याला इथं फार महत्त्व नाही. मराठी, हिंदी आणि कामचलाऊ इंग्रजी, टक्केवारीचा हिशोब आणि कागद वाचायची सवय एवढं पुरतं.

टिकतो कोण ?

या धंद्यात दोन प्रकारची पोरं दिसतात. पहिला प्रकार दरवर्षी कंपनी आणि मोबाईल नंबर दोन्ही बदलतो, कारण जुने ग्राहक फोन करतात. दुसऱ्याचा नंबर तोच असतो, आणि पझेशनच्या पूजेला त्याला बोलावणं येतं. त्या पूजेला ग्राहकाचा साडू आलेला असतो, ऑफिसातला मित्र आलेला असतो, आणि त्यातल्या कुणाला तरी पुढच्या वर्षी घर घ्यायचं असतं. अशा ग्राहकासाठी जाहिरातीचा खर्च नाही आणि पासबॅकची मागणीही क्वचितच.

म्हणून रविवारी साईटवर आजोबांनी "पाणी टँकरचं का ?" असं विचारलं, तर उत्तर काय द्यायचं हा तुमच्या करिअरचाच प्रश्न असतो. "हो आजोबा, सध्या टँकरच आहे, मेंटेनन्समध्ये त्याचे एवढे पैसे धरलेत" असं सांगितलं तर कदाचित ते बुकिंग जाईल. नाही सांगितलं, तर बुकिंग होईल, आणि दोन वर्षांनी पहिला टँकर गेटवर आला की आजोबांना आठवण तुमचीच येईल.